पस्तीस हजार फुटांवरचा मोबाइल

विमानात मोबाइल का वापरू देत नाहीत, या प्रश्नाची दोन उत्तरे बहुतेक प्रवाशांच्या मनात पक्की बसलेली असतात. एवढ्या उंचीवर फोन मुळी लागतच नाही, हे एक. आणि लागला तर विमानाची यंत्रणा बिघडून अपघात होईल, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे एकाच माणसाकडून एकाच दमात ऐकायला मिळतात, ती परस्परांना छेद देतात याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि दोन्हींत थोडे थोडेच तथ्य आहे. फोन न लागण्याचे कारण मनोरे फार दूर असतात हे नाही, उलट एकाच वेळी फार मनोरे फोनच्या टप्प्यात येतात, आणि अमेरिकेने १९९१ साली आकाशातल्या मोबाइलवर जी बंदी घातली तिचा मुख्य हेतू विमानाला नव्हे, तर जमिनीवरच्या दूरध्वनी जाळ्याला वाचवण्याचा होता.

हे समजण्यासाठी मोबाइलचे जाळे कोणत्या गृहीतकावर उभे आहे ते आधी पाहावे लागते. सरकारकडून कंपनीला मिळणारा रेडिओलहरींचा पट्टा अतिशय अपुरा असतो आणि ग्राहक कोट्यवधी असतात, म्हणून सगळा प्रदेश छोट्या छोट्या क्षेत्रांत, म्हणजे सेलमध्ये, वाटून प्रत्येक क्षेत्राला एक मनोरा दिला जातो आणि त्याच त्या लहरी थोड्या अंतरावरच्या दुसऱ्या क्षेत्रात पुन्हा वापरल्या जातात. शहरात असे क्षेत्र काहीशे मीटरांचे, तर खेड्यापाड्यांत काही किलोमीटरांचे असते. दादरमध्ये वापरात असलेल्या लहरी ठाण्यात पुन्हा वापरल्या तरी गोंधळ होत नाही, कारण मधल्या इमारती, टेकड्या, झाडे आणि खुद्द पृथ्वीचा गोलावा त्या लहरींना अडवून धरतात. म्हणजे अडथळे ही या व्यवस्थेतील उणीव नसून तिचा पायाच आहे, आणि फोन जमिनीवर किंवा जमिनीलगतच असणार हे तिने धरूनच चाललेले आहे.

विमान हे गृहीतकच मोडून टाकते. पस्तीस हजार फूट म्हणजे सुमारे १०.७ किलोमीटर उंचीवरून क्षितिज जवळजवळ ३७० किलोमीटर दूर असते. पुण्याच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानातून हिशोबाने पाहिले तर मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, सोलापूर, कोल्हापूर आणि दक्षिणेला थेट पणजी एवढा सगळा मुलूख क्षितिजाच्या आत येतो, आणि त्यातल्या हजारो मनोऱ्यांच्या व त्या एका फोनच्या मध्ये हवेखेरीज काहीही नसते. अशा स्थितीत फोन एखाद्या मनोऱ्याशी बोलू लागला की त्याच लहरीवर काम करणाऱ्या दूरदूरच्या अनेक मनोऱ्यांना त्याचा आवाज गोंगाट म्हणून ऐकू येतो आणि तेथल्या ग्राहकांच्या संभाषणात व्यत्यय येतो. जमिनीवरचा फोन एका क्षेत्राची जागा अडवतो, तर आकाशातला एकटा फोन अनेक क्षेत्रांची. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९९१ मध्ये ८०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले फोन विमान जमीन सोडताच बंद केले पाहिजेत असा नियम केला तो याच कारणाने.

मग इतके मनोरे समोर असूनही फोन लागत का नाही? पहिली अडचण अशी की मनोऱ्यावरचे अँटेना आकाशाकडे पाहतच नाहीत. त्यांचा झोत आडवा, किंबहुना काही अंश खाली झुकवलेला असतो, कारण ग्राहक खाली असतात आणि वर फेकलेली ऊर्जा वाया जाते. वरच्या दिशेला जे काही पोहोचते ते मुख्य झोताच्या कडेने निसटलेले दुबळे आणि तुटक पट्टे असतात, त्यामुळे विमान पुढे सरकेल तसा एखाद्या मनोऱ्याचा संकेत क्षणभर उमटतो आणि लगेच नाहीसा होतो. त्यात विमानाचे धातूचे कवच भर घालते. खिडक्या असल्याने ते रेडिओलहरींना पूर्णपणे रोखू शकत नाही, पण त्यांचा जोर बराच कमी करते, म्हणूनच खिडकीजवळच्या प्रवाशाच्या फोनवर कधी कधी एखादी दांडी दिसते आणि मधल्या आसनावरच्या फोनवर काहीच दिसत नाही.

दुसरी अडचण वेगाची आहे आणि तिला दोन अंगे आहेत. ताशी ९०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५० मीटर. या वेगाने एक किलोमीटर रुंदीचे क्षेत्र चार सेकंदांत मागे पडते. चालू संभाषण एका मनोऱ्याकडून दुसऱ्याकडे सोपवताना फोन आणि जाळे यांच्यात निरोपांची जी देवाणघेवाण व्हावी लागते ती पुरी होते न होते तोच पुढच्या मनोऱ्याची पाळी येते, आणि कोणाकडे सोपवावे हेही ठरत नाही, कारण सारखेच क्षीण संकेत देणारे उमेदवार अनेक असतात. दुसरे अंग डॉप्लर परिणामाचे. जवळ येणाऱ्या गाडीची शिटी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती वाटते, तशीच वेगाने सरकणाऱ्या फोनला मिळणारी लहरही आपल्या जागेवरून ढळते. १,८०० मेगाहर्ट्झच्या लहरीत विमानाच्या वेगामुळे पडणारा फरक सुमारे १,५०० हर्ट्झ होऊ शकतो. फोर-जीमध्ये माहिती वाहणाऱ्या उपलहरी एकमेकींपासून १५,००० हर्ट्झ अंतरावर असतात, म्हणजे हा फरक त्या अंतराचा दहावा हिस्सा झाला. जलद रेल्वेगाड्यांचा वेग डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या या तंत्राला विमानाचा वेग मानवत नाही. जुन्या जीएसएम पद्धतीत आणखी एक मर्यादा होती. संकेताला मनोऱ्यापर्यंत जायला लागणारा वेळ फोनने सांभाळून घ्यावा लागतो आणि ती सांभाळणी सर्वसाधारणपणे ३५ किलोमीटरपर्यंतच होऊ शकते, त्यापलीकडचा मनोरा दिसला तरी उपयोगाचा नसतो.

या सगळ्याचा अर्थ असा की फोन चालेल की नाही हे ‘विमानात’ या एका शब्दावर अवलंबून नसून विमान किती उंच आहे आणि किती वेगात आहे यावर अवलंबून आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी अपहरण झालेल्या युनायटेड ९३ या विमानातून प्रवाशांनी आणि कर्मचाऱ्यांनी अनेक दूरध्वनी केले, आणि ते तेव्हाच्या मोबाइलवरून शक्यच नव्हते असा तर्क लढवून संशयकथा रचणाऱ्यांची पुढे रीघ लागली. २००६ मध्ये अमेरिकेतील न्यायालयापुढे आलेल्या पुराव्यानुसार त्या ३७ दूरध्वनींपैकी ३५ आसनांच्या पाठीला बसवलेल्या एअरफोनवरून झाले होते. मोबाइलवरून झालेले फक्त दोन होते, आणि तेही शेवटच्या मिनिटांत विमान सुमारे ५,००० फुटांपर्यंत खाली आल्यावर. एअरफोन ही सेवा अमेरिकेत १९८४ पासून चालू होती आणि तिच्यासाठी आकाशाकडे तोंड केलेली वेगळी भूकेंद्रे उभारलेली होती. विमानाच्या पोटाखालच्या अँटेनातून संभाषण त्या केंद्रांकडे जाई. तिथे वरच्या दिशेचा विचार मुळातच केलेला होता, म्हणून ती चालली. तिचे दर मात्र सामान्य प्रवाशाला परवडणारे नव्हते आणि २००६ मध्ये प्रवासी विमानांतून ती गुंडाळली गेली.

८ मार्च २०१४ रोजी बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या एमएच ३७० या विमानाच्या बाबतीतही अशीच एक नोंद आहे. रात्री १ वाजून ५२ मिनिटांनी, विमान पेनांग बेटाजवळून जात असताना, सहवैमानिकाच्या फोनची तेथल्या एका मनोऱ्याशी ओझरती गाठ पडली. संभाषण झाले नाही, फक्त फोन जिवंत असल्याची खूण जाळ्यात उमटली. तपास यंत्रणेने पुढे छोट्या विमानातून वेगवेगळ्या उंचीवर फोन वापरून पाहिले, तेव्हा सुमारे ८,००० फुटांच्या वर संभाषण टिकवणे कठीण जाते असे आढळले. मनोऱ्याला फोन ‘दिसणे’ आणि फोनवर बोलता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या नोंदीचा खरा बोध आहे. वृत्तपत्रांतून मात्र त्या काळात सहवैमानिकाने फोन लावल्याच्याच बातम्या गाजल्या.

विमानाच्या यंत्रणेला धोका असतो का, हा प्रश्न मोबाइलपेक्षा बराच जुना आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेत प्रवाशांनी आणलेल्या छोट्या एफएम रेडिओंमुळे वैमानिकांच्या दिशादर्शक यंत्रात गडबड होत असल्याच्या तक्रारी आल्या, आणि त्यामागचे कारण अगदी साधे निघाले. हवे ते केंद्र पकडण्यासाठी असा रेडिओ स्वतःच्या आत एक लहर निर्माण करतो, ती केंद्राच्या लहरीपेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वर असते. म्हणजे १०० मेगाहर्ट्झचे केंद्र लावले की आत ११०.७ मेगाहर्ट्झची लहर उठते आणि तिचा थोडा अंश बाहेर झिरपतो. विमानाला दिशा आणि धावपट्टीची रेषा दाखवणारी यंत्रे नेमकी १०८ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातच कान लावून बसलेली असतात. प्रवाशांच्या उपकरणांवरच्या निर्बंधांची परंपरा तिथून सुरू होते, मोबाइल त्या परंपरेत बराच उशिरा आला.

मोबाइलचा उपद्रव असतो, पण तो लोकांना वाटतो त्या प्रकारचा नसतो. संगणकाच्या ध्वनिक्षेपकाजवळ जुना फोन ठेवला की वाजण्याआधी ‘टिर्र-टिर्र-टिर्र’ असा जो आवाज येई, तोच वैमानिकांच्या कानांवरच्या हेडफोनमध्येही येतो. जीएसएम फोन सलग बोलत नाही, तो सेकंदाला सुमारे २१७ वेळा ऊर्जेचे छोटे छोटे स्फोट सोडतो आणि त्या स्फोटांचा ठेका श्रवणयंत्रणेच्या तारांत उतरतो. मनोरा दूर असेल तर फोन आपली ताकद वाढवत नेतो, ९०० मेगाहर्ट्झवर ती २ वॅटपर्यंत जाते. विमानात मनोरा सापडत नसल्याने चालू ठेवलेला फोन वारंवार पूर्ण ताकदीने हाका मारत राहतो, आणि प्रवास संपेपर्यंत त्याची बॅटरी उतरते ती यामुळेच. हवाई नियंत्रण कक्षाकडून उंचीचा किंवा दिशेचा आकडा येत असताना वैमानिकाला असा आवाज नको असतो, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

ब्रिटनच्या नागरी हवाई वाहतूक प्राधिकरणाने २००३ मध्ये काही उपकरणांवर प्रत्यक्ष चाचण्या केल्या तेव्हा मोबाइलच्या तीव्रतेच्या लहरींमुळे होकायंत्राचा काटा अडकणे, दिशेच्या वाचनात ५ अंशांपर्यंत चूक येणे आणि धावपट्टीचा संकेत घेणाऱ्या यंत्राची संवेदनशीलता घटणे असे परिणाम दिसले. २०१४ मध्ये अमेरिकेच्या संघीय हवाई प्रशासनाने १,३०० हून अधिक बोइंग ७३७ आणि ७७७ विमानांतील वैमानिकांसमोरचे पडदे बदलण्याचा आदेश दिला, कारण वाय-फायच्या लहरींपुढे ते पडदे काही क्षण कोरे होऊ शकतात असे चाचणीत आढळले होते. दुसऱ्या बाजूला, २००६ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रवासी विमानांत बसून रेडिओलहरी मोजल्या तेव्हा प्रत्येक फेरीत सरासरी एक ते चार मोबाइल संभाषणे बंदी धाब्यावर बसवून चालतात असे दिसले, आणि तरीही विमाने सुखरूप उतरतच होती. या दोन्ही बाजू एकत्र ठेवल्या की चित्र असे दिसते: एका फोनने विमान पडत नाही, पण दोनशे अनोळखी, जुनी-नवी, काही बिघडलेली उपकरणे एकाच कवचात असताना आणि विमान ढगांतून धावपट्टीकडे उतरत असताना कोणत्याही अभियंत्याला ‘काहीही होणार नाही’ अशी लेखी हमी देता येत नाही. विमानक्षेत्रात पुरावा धोक्याचा नव्हे, निर्धोकपणाचा द्यावा लागतो, आणि सक्ती जाचक वाटली तरी हा दंडक योग्यच म्हटला पाहिजे.

पुढे विमाने अधिक संरक्षित झाली आणि हमी देणे शक्य होत गेले. अमेरिकेने ऑक्टोबर २०१३ मध्ये, तर भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०१४ मध्ये उड्डाणापासून उतरण्यापर्यंत फोन फ्लाइट मोडवर, म्हणजे मोबाइल जाळ्याशी बोलणारा भाग बंद करून, वापरण्याची मुभा दिली. युरोपीय नियामकाने सप्टेंबर २०१४ मध्ये आणखी पुढे जाऊन, विमानकंपनीने आपली विमाने तपासून घेतली असतील तर फ्लाइट मोडची अटही काढता येईल असे ठरवले.

विमानात फोन खऱ्या अर्थाने चालू लागला तो मनोऱ्यापर्यंत पोहोचण्याचा नाद सोडून मनोराच विमानात आणल्यावर. छताच्या आतल्या बाजूने विमानाच्या लांबीइतकी एक अँटेनाची तार टाकलेली असते आणि तिला जोडलेले एक छोटेसे केंद्र मनोऱ्याचे काम करते. फोनला मनोरा काही मीटरांवर सापडत असल्याने तो आपली ताकद थेट एका मिलिवॅटपर्यंत खाली आणतो. म्हणजे ज्या ओरडण्याची भीती होती तेच बंद होते. त्याच्या जोडीला एक नियंत्रक यंत्र सर्व मोबाइल पट्ट्यांत अगदी मंद गोंगाट सोडत राहते, त्यामुळे खालच्या मनोऱ्यांचे क्षीण संकेत त्यात बुडून जातात आणि फोन त्यांच्या नादी लागत नाही. विमानातून पुढे संभाषण जाते ते टपाजवळच्या अँटेनातून उपग्रहाकडे, आणि तेथून जमिनीवरच्या केंद्राकडे. २० मार्च २००८ रोजी एमिरेट्सच्या दुबई ते कासाब्लांका विमानातून अशा यंत्रणेवरून अधिकृत परवानगीने संभाषण झाले, आणि पुढच्याच महिन्यात युरोपीय आयोगाने जमिनीपासून ३,००० मीटरच्या वर अशी सेवा देण्यास मान्यता दिली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याच आयोगाने विमानातल्या फाइव्ह-जीलाही वाट मोकळी केली.

ही सेवा परदेशी रोमिंग म्हणून गणली जाते, हे भारतीय प्रवाशाने ध्यानात ठेवावे असे आहे. आखाती देशांकडे जाणाऱ्या विमानात फोन फ्लाइट मोडवर टाकायचा राहिला आणि रोमिंग चालू असले, तर तो विमानातल्या जाळ्याला आपोआप जोडला जाऊन पार्श्वभूमीत चालणारी ॲप्स बिल चढवू शकतात. जिओने सप्टेंबर २०२० मध्ये आणि एअरटेलने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा विमानप्रवासासाठी वेगळे पॅक काढले ते याच जाळ्यासाठी.

प्रवाशांना अधिक परिचित झाला तो दुसरा मार्ग, वाय-फायचा. यात फोन फ्लाइट मोडवरच राहतो आणि संदेश विमानातल्या वाय-फायवरून उपग्रहाकडे जातात. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर परत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, संदेशाला तो जाणवत नाही, संभाषणाला जाणवतो. स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरत असल्याने ही अडचण त्यांना नाही. भारताच्या आकाशात मात्र सुरक्षेच्या कारणावरून ही सोय दीर्घकाळ वर्ज्य होती आणि परदेशी विमानांनाही भारताच्या हद्दीत शिरताच ती बंद करावी लागे. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या जानेवारी २०१८ मधील शिफारशी, त्यावरून डिसेंबर २०१८ मध्ये निघालेले नियम आणि २०२० मध्ये विमान नियमांत झालेली दुरुस्ती अशा तीन पायऱ्यांनी ती खुली झाली. ‘विस्तारा’ या विमानकंपनीने त्याच वर्षी आपल्या लांब पल्ल्याच्या विमानांत ती आणली, आणि १ जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाने देशांतर्गत मार्गांवरच्या काही विमानांत वाय-फाय सुरू केले.

विमानातला मोबाइल विमानाला सोसवेनासा होण्याची भीती ओसरत असतानाच जमिनीवरच्या मोबाइलने एक नवी काळजी उभी केली. विमान जमिनीपासून नेमके किती उंचीवर आहे हे मोजणारे रेडिओ उंचीमापक ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि अमेरिकेतली नवी फाइव्ह-जी सेवा त्याच्या शेजारच्या, ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आली. जुन्या उंचीमापकांना शेजारचा आवाज गाळून टाकता येत नाही, म्हणून १९ जानेवारी २०२२ रोजी ती सेवा सुरू होताना एअर इंडियाने मुंबई–नेवार्कसह अमेरिकेची काही उड्डाणे रद्द केली होती. भारतातला फाइव्ह-जीचा पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा, म्हणजे थोडा अधिक दूर आहे. तरीही नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागाने धावपट्टीच्या दोन्ही टोकांपासून २,१०० मीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्यातले मनोरे उभारू नयेत असे कंपन्यांना कळवले. पुणे आणि नागपूर या विमानतळांच्या परिसरात तोवर फाइव्ह-जीची काही केंद्रे उभी राहिलेली होती.

तंत्राच्या बाजूने आता फारसे काही अडलेले नाही, अडले आहे ते वेगळ्याच ठिकाणी. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९९१ ची बंदी सैल करण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०१३ मध्ये मांडला तेव्हा विरोध झाला तो रेडिओ अभियंत्यांकडून नव्हे, तर वैमानिकांच्या आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनांकडून व सामान्य प्रवाशांकडून. तीन आसनांच्या रांगेत अडकून शेजाऱ्याचे मोठ्या आवाजातले संभाषण तासन्‌तास ऐकावे लागेल, हा त्यांचा आक्षेप होता, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये आयोगाने तो प्रस्ताव मागे घेतला. विमानात केंद्र बसवलेल्या कित्येक विमानकंपन्याही त्यावरून संदेश आणि इंटरनेट चालू देतात, बोलण्याची सोय मात्र स्वतःहून बंद ठेवतात.